आईचा भात आणि माझे नाक

माझे नाक बंद झाले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आधी डावी नाकपुडी बंद झाली. उजवीवर माझे भागत होते, म्हणून मी कोणाला काही सांगितले नाही. पडसे म्हणावे तर ते पावसाळ्यात आले होते आणि होळी झाली तरी जात नव्हते. पुढे उजवीही कुरकुर करू लागली आणि मी तोंडाने श्वास घेऊ लागलो. मग मात्र घरात सर्वांना कळले, कारण माझे तोंड सदा उघडे.

"तोंड मीट," आत्या म्हणायची. "कल्याणातल्या माशा घर शोधतायत, तुझ्याकडे बघून थांबल्यात."

आम्ही कल्याणात बंदराच्या वाटेवर राहत असू. वडिलांना मी दादा म्हणे. ते मामलेदार कचेरीत कारकून होते. आत्या ही त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि घरातले सोवळेओवळे व न्यायनिवाडा दोन्ही तिच्याकडे होते. दादा दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज वाचत आणि संध्याकाळी घरी येऊन आत्यापुढे आरोपी म्हणून उभे राहत. आई या दोघांच्या मधे असे, आणि फार कमी बोले.

नाक बंद असण्याचे काही फायदेही होते, हे मी लपवत नाही. दादांच्या कचेरीतले एक गृहस्थ आमच्या ओटीवर येऊन तपकीर ओढत. त्यांनी एकदा नाक मोकळे व्हावे म्हणून मला चिमूटभर तपकीर दिली. मी ती ओढली आणि त्यांच्याकडे बघत बसलो. शिंक आली नाही. त्यांनी आणखी दिली. शेवटी डबी उघडी ठेवून तेच शिंकू लागले, दादा शिंकू लागले, आणि मी स्वस्थ. तेव्हापासून आळीत माझी कीर्ती झाली. लोक पाहुण्यांना दाखवायला मला बोलावून नेत. मला ते आवडत असे. आपल्या दुखण्याचा असा मिरवून घेण्यापुरता उपयोग करावा, ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण त्या वयात मिरवायला माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

वैद्यबुवांनी वात घालून पाहिले आणि नाकात मांसाचा मोड आला आहे असे सांगितले. त्यांनी नाकात घालायला तेल दिले. ते तेल मोडाला वळसा घालून घशात उतरे आणि मी ते गिळून टाकी. महिनाभराने वैद्यबुवांनी विचारले, "काही फरक?"

"तेल संपलं," आत्या म्हणाली.

असे हसण्यावारी चालले होते. पण एके सकाळी आईने मला दुधापाशी बसवले आणि ती विहिरीवर गेली. मी पुस्तक वाचत बसलो. दूध उतू गेले, जळले, भांड्याला काळे लागले, घरभर धूर झाला. आई धावत आली तेव्हा मी भांड्यापासून हातभर अंतरावर शांतपणे पान उलटत होतो.

"अरे, वास नाही आला तुला?"

"कसला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, दुधाबद्दल मार बसणार. त्याऐवजी तिने माझे डोके पोटाशी धरले, आणि मार परवडला असता असे मला झाले.

पुढच्या चतुर्थीला ती आत्याला घेऊन शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून टिटवाळ्याला गेली आणि गणपतीला नवस बोलून आली. नवस असा: मुलगा ओटीवर बसून, चुलीवर काय शिजते आहे ते नुसत्या वासावरून सांगेल, त्या दिवशी मी भात खाईन. तोवर भात वर्ज्य.

दादांनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. "भात सोडलास? अगं, गोड सोडायचं होतंस."

"आपल्याकडे गोड असतं कधी? देवाला कळायला नको, काही सोडलंय म्हणून?"

कल्याणच्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडे सकाळी भात, संध्याकाळी भात, आजारी पडले तर मऊ भात, आणि उरला तर फोडणीचा. आईचे माहेर भाताच्या शेतीचे होते. पोळीला ती 'कोरडं' म्हणायची. आता आम्ही जेवून उठलो की ती नाचणीची भाकरी घेऊन बसे आणि ताकात बुडवून, डोळे मिटून, औषधासारखी गिळून टाकी. दादा आपल्या भाताचा ढीग वरणाखाली लपवू लागले. मी तर माझा भात इतक्या घाईने संपवी की आत्या म्हणे, "हळू. भात पळून चाललेला नाही." मला भुकेची लाज वाटे. आणि भूक मात्र काही केल्या कमी होईना.

रोज सकाळी मी ओटीवर बसे आणि आतून आईची हाक येई, "काय शिजतंय रे?"

मी जोर लावून हवा ओढी. नाकातून शिट्टीसारखा आवाज निघे. बस, एवढेच.

"कळत नाही, आई."

"असू दे."

ते 'असू दे' मला सहन होईना. म्हणून एके दिवशी मी ठरवले की वास येत नसेल तर अक्कल चालवावी. मी म्हटले, "वालाचं बिरडं."

मग भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. आई दारात आली. तिचा चेहरा असा उजळला होता की मी भिंतीकडे बघू लागलो. तिच्यामागून आत्या आली.

"वहिनी, थांब. वाल कोणी सोलले सकाळी?"

वाल मीच सोलले होते. माझ्या नखांत अजून साले होती.

"देवाने नाक मागितलंय, डोळे नव्हेत," आत्या म्हणाली आणि आत गेली. आई त्या दिवशी भाकरी घेऊन बसली तेव्हा हसत होती, मला बरे वाटावे म्हणून.

यानंतर दादांनी जे केले ते कचेरीत कोणी केले असते तर दादांनीच त्याची तक्रार केली असती. एका सकाळी मी ओटीवर बसलो असताना ते पगडी शोधण्याच्या निमित्ताने माझ्या मागून गेले आणि समोर बघत पुटपुटले, "अळू."

मी वळून पाहिले. ते पगडी झटकत होते.

"दादा..."

"मी काही बोललो नाही," ते म्हणाले. मग आणखी हळू, "तिची हाडं दिसायला लागलीयत."

आतून हाक आली. "काय शिजतंय रे?"

मी डोळे मिटले, शिट्टी वाजवली, थोडा वेळ विचार केल्यासारखे केले. नाटक चांगले करावे हेही मला सुचले, याचे मला आज नवल वाटते. "अळू. अळूचं फतफतं."

आत कोणी भांडे खाली ठेवले नाही. आत्या एकटीच दारात आली. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्यावरून दादांवर गेली.

"अळू खाजरा निघाला. हात सुजले माझे. मागीलदारी टाकून दिला आणि पडवळ केलंय." मग ती थांबून म्हणाली, "तुझ्या कचेरीतून बातमी शिळी आली हो."

दादांनी पगडी घातली आणि न जेवता कामावर निघून गेले. संध्याकाळी आल्यावर आत्याने निकाल दिला: यापुढे ओटीवर मी एकट्याने बसायचे, आणि दादांनी त्या वेळी परसात तुळशीला पाणी घालायचे. त्या वर्षी आमची तुळस पाण्याने कुजली.

असे दिवस जात असता माझ्या झोपेत घोरणे वाढले. आडवा झालो की घशात काहीतरी येऊन बसे आणि दचकून उठावे लागे. एकदा मी जांभई दिली आणि आत्या समोर होती. तिने माझा जबडा धरला.

"मिटू नकोस. वहिनी, दिवा आण."

पडजिभेच्या मागून एक फिकट, गुळगुळीत गोळा खाली डोकावत होता. नाकातला मोड वाढत वाढत मागच्या वाटेने घशात उतरला होता. आईने पाहिले, दादांनी पाहिले, शेजारच्या बायका हात पुसत आल्या आणि रांगेने माझ्या तोंडात डोकावल्या. एकीने तर दुरून दिसत नाही म्हणून मला पायरीवर उभे केले.

"देवाने दोन पडजिभा दिल्या," आत्या म्हणाली, "तरीच एवढा बोलतो." पण दिवा तिने आईच्या हातात दिला आणि ती देवघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दादांनी रजा घेतली आणि आम्ही आगगाडीने ठाण्याला गेलो. निघताना आई दारात म्हणाली, "जे काय असेल ते काढून या. माझ्या भाताची घाई नाही." मला तिच्या मनगटावरच्या बांगड्या दिसत होत्या. त्या आता कोपरापर्यंत सहज वर जात.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गोव्याकडचे होते, पिकल्या मिशांचे, आणि मराठी आमच्यासारखेच बोलत. त्यांनी लांब दांडीचा एक इवलासा आरसा दिव्यावर गरम केला आणि माझ्या घशात मागे धरला. नाकातही बराच वेळ पाहिले. मग विचारले, "नाकातून रक्त येतं का? भळभळून?"

"नाही," दादा म्हणाले. "दुष्ट गाठ तर नाही ना, डॉक्टरसाहेब?"

"ती उतारवयात होते. या वयात एक वाईट जात असते, मुलग्यांनाच होते. लाल असते, बोट लावलं की रक्ताचा पाट. तिला मी हात लावला नसता. ही फिकी आहे. ही पोरवयातली साधी गाठ, आणि पोरांसारखीच. खोड्या करते, जीव घेत नाही."

दादा खुर्चीवर बसले. त्यांना कोणी बसायला सांगितले नव्हते.

मला खिडकीपाशी स्टुलावर बसवले. दवाखान्यातल्या एका दांडग्या नोकराने मागून माझे डोके छातीशी धरले. डॉक्टरांनी एका दांड्याला बसवलेला बारीक तारेचा फास दाखवला. "हा नाकातून आत जाणार. गाठीच्या देठाला लागला की मी आवळणार. मासा पकडतात ना, तसं. मासा हलला तर चालेल, तू हलायचं नाहीस."

मी हललो नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. तो नोकर हलू देईल असे वाटत नव्हते. तार आत सरकताना डोळ्यांतून पाणी आले. मग कपाळाच्या आत कोणीतरी कापड फाडावे तसा आवाज झाला, तोंड रक्ताने भरले, आणि डॉक्टरांनी दोन बोटे घशात घालून एक वस्तू ओढून बाहेर काढली. मी ओकलो, खोकलो, आणि डोळे पुसून भांड्यात पाहिले. सोललेल्या ताडगोळ्यासारखे काहीतरी थरथरत होते. वर देठही होता. मला त्याची थोडी दया आली.

"हे घरी नेता येईल का?" दादांनी विचारले. "दाखवायला. आमच्याकडे पुराव्याशिवाय भागत नाही."

"घरी नेऊन काय करणार, लोणचं घालणार? लोणचं मीच घालतो." आणि त्यांनी तो गोळा दारूच्या बरणीत टाकला.

नाकात औषधाची वात भरून आम्ही तलावाजवळच्या एका नातलगांकडे राहिलो. वात निघाली तेव्हा वाऱ्याची थंड धार डोक्यात गेली. दोन वर्षांत असे वाटले नव्हते. पण वास येईना. कापूर नाकाशी धरला, अत्तर धरले. काही नाही.

"येईल," डॉक्टर म्हणाले. "आतली सूज जाऊ दे. आणि लक्ष ठेवा. मूळ राहिलं असेल तर पुन्हा उगवते. सध्या इंजिनाचा धूर याच्या नाकात नको."

ते 'लक्ष ठेवा' मी घरी जाऊन आईला सांगितले, आणि तिने ते इतके मनावर घेतले की पुढे मी नोकरीला लागलो, मला मुले झाली, तरी ती चुलीपाशी बसून हाक मारी, "काय शिजतंय रे?"

धूर नको म्हणून आम्ही परत खाडीने निघालो. भरतीबरोबर कल्याणला जाणारा एकच मचवा ठाणे बंदरात होता आणि त्यात सुक्या बोंबलांच्या पाट्या होत्या. दादा काठावर थबकले. मचव्यावरचा नाखवा खाडीकाठच्या ख्रिस्ती गावातला होता, गळ्यात क्रूस, डोक्याला लाल फडके.

"या भटजी, भरती थांबाची नाय."

"बसायचं कुठे?"

"पाट्यांवर. दुसरी जागा नाय."

दादांनी माझ्याकडे पाहिले. "याला वास येत नाही. हा बसेल." आणि ते स्वतः उपरणे नाकाला गुंडाळून मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहिले, वाऱ्याकडे तोंड करून.

"बस रं पोरा, तुला गादीच हाय," नाखवा म्हणाला.

मी बोंबलांवर बसून निघालो. ऊन होते, दोन्ही काठांना तिवरांची झाडी, आणि मधूनच मिठागरांचे पांढरे ढीग. किती वेळ गेला कोण जाणे. मला एकाएकी वाटले की कोणीतरी माझ्याशी बोलले. मी वळून पाहिले, कोणी नव्हते. पुन्हा तसेच झाले, आणि मग कळले की ते कानात नाही, नाकात होते.

"दादा, कसला तरी वास येतोय."

दादांनी नाकावरचे उपरणे काढले आणि तसेच हातात धरून ठेवले. "कसला?"

"माहीत नाही. पण चांगला आहे."

नाखवा इतका हसला की त्याने सुकाणू सोडले. "बोंबील रं, बोंबील. चांगला हाय म्हंतो बघा."

दादा माझ्यापाशी येऊन पाट्यांवर बसले, बोंबलांवरच, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चांगला आहे, हे घरी बोलू नकोस." मी बोललो नाही. पण खरे सांगायचे तर तो वास मला आजही वाईट वाटत नाही. मासळीबाजारावरून जाताना माझी पावले मंदावतात आणि मग मी स्वतःला रागावतो.

आम्ही दारात पोचलो तो आत्याने लांबूनच हात वर केला. "तिथेच. दोघेही. पाणी तापवते, अंगणात आंघोळ करा. ते कपडे घरात आणायचे नाहीत."

मी पायरीवर बसलो. आई आत चुलीपाशी होती. सोवळ्यात असल्यामुळे तिला मला शिवता येत नव्हते, पण ती दारापर्यंत आली, आणि माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघून पुन्हा आत गेली. मग हाक आली. तिला आंघोळीपर्यंत धीर धरवला नाही.

"काय शिजतंय रे?"

मी नाक वर केले आणि श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. हवा सरळ आत गेली आणि तिच्याबरोबर बोंबील आला. पुन्हा घेतला, पुन्हा बोंबील. सदऱ्यात, केसांत, हातांवर तोच. आत काय शिजत होते कोण जाणे. त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

अंगणाच्या टोकाला दादा उभे होते. त्यांनी आत्याच्या पाठीआडून ओठ हलवले. वरण. मला स्पष्ट दिसले. मुलगा बरा होऊन घरी येतो तेव्हा आईच्या चुलीवर साधे वरण असणार, हे मलाही सुचायला हवे होते. एक शब्द, आणि आई भात खाईल. आणि तो खोटाही नव्हता, माझ्या नाकात आता खरोखरच वास येत होता. पण अळूच्या दिवशी माझे शिकवलेले उत्तर ऐकून आत कोणी भांडे खाली ठेवले नव्हते, ते मला आठवले.

"बोंबील," मी म्हटले.

आत्याच्या हातातला तांब्या घंगाळात पडला. दादांनी डोळे मिटून घेतले.

आणि आत आई हसू लागली. ती मोठ्याने हसलेली मी फारशी ऐकली नव्हती. हसता हसता ती दाराच्या चौकटीला टेकली. "वन्सं, याला वास येतो."

"अगं, उत्तर चुकलं. आपल्या चुलीवर बोंबील?"

"चुकलं म्हणून तर. बरोबर उत्तरं याला शिकवता येतात. हे कोणी शिकवलं असेल? तुमच्या भावाने?"

आत्या माझ्याजवळ आली. शिवाशिव होणार नाही एवढे अंतर राखून ती वाकली आणि तिने माझ्या डोक्यावर वास घेतला. मग ती उभी राहिली. तिच्यापुढे खटला होता आणि ती तो हलक्या हाताने निकालात काढणारी नव्हती.

"चूल आत आहे," ती शेवटी म्हणाली. "पण बोंबील त्याच्या नाकाच्या अधिक जवळ आहे. नाकाने साक्ष खरी दिली. वहिनी, पाट घे."

"आधी यांचं होऊ दे," आई म्हणाली.

"यांच्या आंघोळीला अजून पाणी तापायचंय. तू बस."

आमच्या घरात पुरुषांआधी बाई जेवल्याचे मी त्या एकाच दिवशी पाहिले. दादा आणि मी अंगणात उघड्या अंगाने कुडकुडत उभे होतो आणि दारातून आईचे पान दिसत होते. आत्याने भाताची मूद घातली, वर वरण, वर तूप. आईने पहिला घास घेतला आणि ती चावेचना, नुसती तोंडात धरून बसली.

"अक्का, पाणी तापलं का?" दादांनी विचारले.

"तापेल. तिला दुसऱ्यांदा भात वाढू दे."